मालनच्या बांगड्या, पाचशे ग्रॅमच्या आत

४ जानेवारी १९८६
मालनचं पत्र आलं, इंग्लंडहून. अर्थात हिच्या नावाने. पोरीला पाचवा महिना लागला. फेब्रुवारीअखेर तिथल्या मराठी बायका डोहाळजेवण करणार. बाकी सगळं मिळतं, हिरव्या काचेच्या बांगड्या तेवढ्या मिळत नाहीत. ही पदराने डोळे पुसत बसली. माहेरची चोळी-बांगडी नको का, म्हणाली. म्हटलं, रडतेस काय, मी पाठवतो. तीस वर्षं हापूसच्या पेट्या भरतोय. माझ्या हातचा आंबा मुंबईला डागाळून पोचलेला नाही. बांगडीचं काय एवढं!

मालनने तिकडे नर्स असताना परस्पर लग्न केलं, त्याला तीन वर्षं झाली. मी रागावलेलो नाही. फक्त पत्र लिहीत नाही.

९ जानेवारी
रघू कासाराकडून दोन डझन आणल्या. छोटी पेटी, तळाला भाताचा पेंढा, मध्ये बांगड्या, वर पेंढा, खिळे. देखणं काम. पोस्टातल्या महिपत क्लार्कने काट्यावर ठेवली. चार किलो दोनशे. विमानाने बांगड्या जाणार की लाकूड, असं त्याने विचारलं. शिवाय गवत, पेंढा परदेशात चालत नाही, त्यात किडे असतात म्हणे. माझ्या पेंढ्यात! रांगेतले लोक हसले. पेटी उचलून घरी आलो. अडाण्यांशी वाद घालू नये.

१० जानेवारी
संकल्प : पार्सल पाचशे ग्रॅमच्या आत. एकही बांगडी फुटता कामा नये. (फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, अशी हिची ताकीद. गरोदर पोरीचं काम आहे.)

१४ जानेवारी. संक्रांत.
बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत पेपरचे बोळे. माळ्यावरून खाली टाकून चाचणी घेतली. नऊ वाढल्या. ही देवापुढे जाऊन बसली ती तासभर. नंतर तिळगूळ दिला, पण बोलली नाही.

१९ जानेवारी
मिरकरवाड्यातून मासळीच्या खोक्याचा थर्मोकोल आणला. वजन जवळजवळ नाहीच. दोन दिवस उन्हात ठेवला. हिला अजून कोलंबीचा वास येतो, मला येत नाही. डोहाळ्यांच्या पोरीला हा वास पाठवणार का, म्हणाली. थर्मोकोल परसात.

२३ जानेवारी
पुन्हा रघूकडे. घरात एवढ्या बांगड्या कोण वाढवतंय, असं त्याने विचारलं. मी त्याचे हात बघत राहिलो. तो बांगड्या दोऱ्यात ओवतो, कागदात घट्ट गुंडाळून नळी करतो. हलायला जागाच नाही, म्हणून टिकतात. ही कल्पना माझ्या मनात होतीच.

२६ जानेवारी
बांगड्यांच्या नळ्या. आतल्या पोकळीत औषधाच्या दुकानातला कापूस, बाहेरून कापूस, मग पुठ्ठ्याचा खोका. माळ्यावरून तीनदा टाकला. एकही वाढली नाही. ही पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "त्यात पोरीला दोन वळी लिवा. बांगडी बोलत नाय."

२८ जानेवारी
चिठ्ठी लिहिली. दोन ओळी लिहायला बसलो, चार पानं झाली. काही ठिकाणी शाई पसरली आहे. पेन गळतं. हिच्यादेखत चिठ्ठी कापसावर ठेवली.

३१ जानेवारी
पोस्ट. कस्टमचा फॉर्म महिपतने इंग्रजीत भरला. पाठवणाऱ्याच्या जागी हिचं नाव घालायला सांगितलं. बांगड्या हा बायकांचा विषय. मांजरपाट, लाख धरून वजन पाचशे बारा! महिपत म्हणाला, काका, थोडी जास्त तिकिटं लावू, जाईल. प्रश्न तिकिटांचा नाही, संकल्पाचा आहे. कापूस काढावा तर बांगड्यांना धोका. चिठ्ठी काढली. चारशे शहाण्णव. तिथेच बसून मांजरपाटात शिवलं, लाख लावली. चिठ्ठी उद्या वेगळ्या पाकिटातून टाकीन.

घरी आल्यावर हिने विचारलं, चिठ्ठी गेली ना? हो म्हटलं. उद्या जाणारच आहे, तेव्हा हे खोटं नव्हे.

७ फेब्रुवारी
चिठ्ठी पुन्हा वाचली. फार मऊ झाली आहे. बाप वाटत नाही. दुरुस्त करून टाकावी.

१८ फेब्रुवारी
हंगामाच्या पेट्या ठोकणं सुरू. माणसाला श्वास घ्यायला वेळ नाही.

११ मार्च
मालनचं पत्र. हिच्या नावाने. हिने मोठ्याने वाचलं. मी तोंडापुढे पेपर धरून ऐकत होतो. पार्सल वेळेवर पोचलं. चोवीसच्या चोवीस शाबूत. डोहाळजेवणाला आलेल्या बायका पॅकिंग बघून थक्क झाल्या. इथे मी पेपर खाली ठेवला.

पुढे लिहिलं होतं, "आई, एवढं छान बांधून कुणाकडून घेतलंस? पार्सलवर तुझं नाव बघून रडूच आलं. वाटलं, बाबांची एखादी ओळ असेल. सगळा कापूस पिंजून बघितला. नसली तर नसू दे. तू हे पाठवलंस ते मात्र बाबांना कळू देऊ नकोस. तुला बोलतील."

चिठ्ठीचं ही आता विचारणार, असं वाटलं. पेपर पुन्हा तोंडापुढे धरला. तिने विचारलं नाही. शेवटी मीच म्हटलं, मी कधी तुला बोललोय का, सांग बघू.

तिने पत्र पुन्हा उघडलं आणि शेवटची दोन वाक्यं परत वाचली, आधीपेक्षा सावकाश.