अ‍ॅडजस्टच्या एकशे बारा चिठ्ठ्या

२७ जुलै २०२५, रविवार

'अ‍ॅड' संपला, 'अ‍ॅड्रेस' संपला. आजपासून 'अ‍ॅडजस्ट'. सोमेशला शाळेच्या पोरांसाठी इंग्रजी क्रियापदांचा कोश काढायचाय आणि एका क्रियापदाला अर्ध्या पानाच्या वर त्याला काही नको. म्हणतो, "सर, पोरं वाचत नाहीत." वैरागच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं मी — आणि हा मला सांगतोय!

पद्धत नेहमीचीच. कुणाच्या बोलण्यात शब्द आला की चिठ्ठी करायची. वर बोलणाऱ्याचं नाव, खाली तारीख, मध्ये वाक्य — जसंच्या तसं, पदरचं काही न घालता. जुन्या घटक चाचणीच्या कागदांची मागची बाजू कोरी आहे, तेच कापून ठेवलेत. मग अर्थाप्रमाणे वेगवेगळ्या बुटाच्या खोक्यांत.

पहिल्याच दिवशी तीन मिळाल्या. एसटीत तिघांच्या सीटवर चौथी आलेली एक बाई — "जरा अ‍ॅडजस्ट करा की वो." कोपऱ्यावरचा शिंपी — "बाही अ‍ॅडजस्ट करून देतो." तिसरी आमच्या ऋतुजाची, फोनवर. परवा पंचमी. मे महिन्यात लग्न झालं, ही पहिली पंचमी, पण सासूबाईंचे गुडघे धरलेत म्हणून नातेपुत्याहून पाठवत नाहीत. "या वर्षी अ‍ॅडजस्ट करा अप्पा, मी नाही येत."

वच्छला सकाळपासून धुसफुसतेय. "पैल्या पंचमीला लेक म्हायेरी येत न्हाई, आसं कुटं आस्तंय व्हय? जावा आन् घिऊन या तिला." एकुलती एक पोर, आईला वाटणारच. मी म्हटलं, नवं घर आहे, रुळू दे. आपण जाऊन आणलं तर पुढं तिलाच ऐकून घ्यावं लागेल. शहाणपणाचं बोललो असं वाटतंय.

३ ऑगस्ट

मूळ सापडलं! लॅटिन. 'अ‍ॅड' म्हणजे कडे, 'जुक्स्टा' म्हणजे जवळ. जवळ आणणं, शेजारी आणून ठेवणं. पुढं फ्रेंचमधून येता येता लोकांना त्यात 'जस्ट', म्हणजे न्याय्य, दिसायला लागलं. मूळ शब्दात न्यायाचा काही संबंध नाही. तासभर खुशीत होतो. सोमेशला फोन केला. "सर, परीक्षेला येत नाही ते." म्हटलं, ठेव फोन.

इंग्रजी पुस्तकांत बहुतेक वेळा चष्मा, खुर्ची, घड्याळ अ‍ॅडजस्ट करतात. माणूस त्यामानानं कमी. आपल्याकडं उलटं दिसतंय. मोजून बघायला पाहिजे.

६ ऑगस्ट

पाण्याचा दिवस. शेजारच्या सुंदरम्मा — "आज पानी कमी सोडलंय, अ‍ॅडजस्ट करून वापरा." भागवणे. नवा अर्थ, चौथं खोकं.

१७ ऑगस्ट, रविवार

ऋतूनं लॅबमधलं काम सोडलं. लग्न ठरताना जावई अमृतरावांनी आपणहून सांगितलं होतं, नोकरी करू दे की, आमची काही हरकत नाही. तिकडं गेल्यावर महिनाभरात एका लॅबमध्ये लागलीही होती. आज म्हणाली, "लॅबची वेळ घरात अ‍ॅडजस्ट होत नव्हती, म्हणून सोडली." नकारी वाक्यं आतापर्यंत दोनच होती. ही तिसरी, आणि चांगली आहे.

वच्छला म्हणाली, "आवो, तिला रक्त तपासायचं काम लई आवडायचं की." आवडायचं हे खरं. पण संसार म्हटल्यावर इकडचं तिकडं होतंच. तसं तिला म्हटलंही.

३१ ऑगस्ट

शिवप्पाकडं चहा. सुंदरम्माचा नवरा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर जॉबर आहे — माग बिघडला की पाना घेऊन धावतो तो. त्याच्याकडून एका बैठकीत पाच चिठ्ठ्या! ताण अ‍ॅडजस्ट, पट्टा अ‍ॅडजस्ट, वेग अ‍ॅडजस्ट. "ताण जास्त झाला की धागा तुटतंय सर, कमी झाला की कापड ढिलं येतंय."

मग आपणच म्हणाला, "मागाला कोण सांगत न्हाई, बाबा तू अ‍ॅडजस्ट हो म्हणून. आपण पाना घिऊन जातो. मानसाला मात्र नुसतं सांगायचं, हो म्हणून."

सकर्मक-अकर्मक भेद इतका सोपा करून मलाही कधी सांगता आला नव्हता. चिठ्ठीवर खूण केली.

१४ सप्टेंबर

ऋतूचा फोन, दोन मिनिटं पण नाही. "फोन आता आत्यांकडं असतो, मी टाइम अ‍ॅडजस्ट करून लावते." आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, बजाबाई. वेळ साधणे — तिसरं खोकं.

वच्छलाला बोलायचं होतं, तोवर बंद झाला. ती माझ्यावरच चिडली. मी काय केलं?

५ ऑक्टोबर

आज चिठ्ठ्या सत्तरच्या वर गेल्या. त्यात वच्छलाची एकही नाही! विचारलं, तू हा शब्द वापरतच नाहीस का? भाकरी थापता थापता म्हणाली, "आमच्यात त्येला सोसनं म्हंत्यात."

जुळवून घेणे, भागवणे, सांभाळून घेणे, सरकून जागा देणे — हे ठीक. 'सोसणे' पोरांच्या कोशात नको. फार जड होतो. वगळला.

२२ ऑक्टोबर, पाडवा

दिवाळसण. वच्छला चार दिवस राबत होती. जोडी अकराला आली, दोनला गेली!

अमृतराव चांगले बोलतात. जेवले व्यवस्थित, शेंगाचटणी दोनदा मागून घेतली. कोशाबद्दल विचारलं, खोकी बघितली, हसले. "अप्पा, बाईनं अ‍ॅडजस्ट केलं की घर आपोआप चालतंय बघा." एवढं नेमकं वाक्य कुणी दिलं नव्हतं.

ऋतू वाळली आहे. पुरणपोळी अर्धी खाल्ली. वच्छला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की चार दीस, मी आनून सोडायला लावते ह्यांना." अमृतराव म्हणाले, दुकान आहे, आईला जमत नाही. त्या वेळी ऋतूनं माझ्याकडं पाहिलं. मी पेन शोधत होतो, वाक्य डोक्यातून जाईल म्हणून. पेन सापडेपर्यंत ती चप्पल घालून दारात उभी होती.

वच्छला अजून बोलत नाहीये माझ्याशी.

९ नोव्हेंबर

ऋतू — "डाव्या हातानं भाकरी थापायला जमत नव्हतं, आता अ‍ॅडजस्ट झालंय." अकर्मक. सवय होणे. उत्तम उदाहरण.

उजव्या हाताला काय झालं ते विचारायचं राहिलं. आधी लिहून घेतलं, तोवर तिनं फोन ठेवला होता. पुढच्या वेळी विचारीन.

१६ नोव्हेंबर

फोन नाही.

२३ नोव्हेंबर

"आता सगळं अ‍ॅडजस्ट झालंय. तुम्ही नका येऊ." येतोय असं मी कुठं म्हटलं होतं? पण पूर्णत्व दाखवणारं वाक्य हवंच होतं. काम होत आलं, एकशे बारा चिठ्ठ्या! हाताचं विचारलं. म्हणाली, बरं आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

नीट क्रमानं लिहितो.

सकाळी मी बाजारात गेलो होतो. वच्छला फडताळ झाडत होती, खोकी खाली आली, सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर. चार महिन्यांचं काम! मी आलो तेव्हा ती जमिनीवर बसली होती आणि चिठ्ठ्या ओळीनं लावलेल्या. मी ओरडलोच. ती शांतपणे म्हणाली, "अर्था-बिर्थाचं मला काय कळतंय? नावं वर लिवल्याली, नावापरमानं लावल्या." सातवीपर्यंत शिकलीय, अक्षर तिला सगळं लागतं.

शिवप्पाची चळत, सुंदरम्माची, एसटीतल्या लोकांची. एक चळत तिनं मांडीवर ठेवली होती. ती माझ्यापुढं धरली. "ही वाचा. वरनं खाली. तारीख बघत वाचा."

ऋतूच्या अकरा चिठ्ठ्या. माझ्याकडं त्या पाच खोक्यांत विभागलेल्या होत्या. एकत्र कधी पाहिल्याच नव्हत्या.

या वर्षी अ‍ॅडजस्ट करा अप्पा, मी नाही येत. झोपायचं कोठीच्या खोलीत अ‍ॅडजस्ट केलंय, तिथं बरं आहे. लॅबची वेळ घरात अ‍ॅडजस्ट होत नव्हती. सगळ्यांचं झाल्यावर जे उरतं त्यात अ‍ॅडजस्ट होतं माझं. टाइम अ‍ॅडजस्ट करून लावते. ह्यांचा राग आला की मी अ‍ॅडजस्ट करते, पाच मिनिटांत उतरतो. डाव्या हातानं…

कोठीच्या चिठ्ठीवर माझ्या अक्षरात 'जागा' लिहिलंय. रागाच्या चिठ्ठीवर 'स्वभाव'. शेजारी छान म्हणून बरोबरची खूण!

मला लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही. विद्यार्थ्याचा पेपर तपासताना पुरवण्या सुट्या झाल्या तर मी ओळीनं लावून वाचायचो, एक पान इकडचं तिकडं झालं तर गुण चुकतील म्हणून. आणि पोटच्या पोरीचं बोलणं मीच सुटं करून खोक्यांत घातलं.

वच्छला रडली नाही. म्हणाली, "उद्या जायाचं."

३० नोव्हेंबर, रविवार

नातेपुते. शिवप्पानं भावाची गाडी आणली.

बजाबाई दारातच. "न सांगता आलासा?" मग आमचे चेहरे बघून तावातावानं, "लई लाडावून ठिवलीया लेक. अ‍ॅडजस्ट करायला नको व्हय?" अमृतराव दुकानातून आले, अप्पा, बसा, चहा घ्या, म्हणत राहिले. मी कधी कुणाचा चहा नाकारला नव्हता, तो नाकारला.

ऋतू मागच्या अंगणात भांडी घासत होती, डाव्या हातानं. उजवं मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलं. वच्छलानं ते नुसतं हातात धरलं. मी म्हटलं, "ऋतू, चल." तिनं पदराला हात पुसला, चप्पल घातली आणि निघाली. कपड्याची पिशवीसुद्धा घेतली नाही. अमृतराव काहीतरी बोलत गाडीपर्यंत आले. शिवप्पानं मधे उभं राहून दार लावून घेतलं.

टेंभुर्णीच्या पुढं ती आईच्या खांद्यावर झोपली.

२ डिसेंबर

एक्स-रे. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरापूर्वी मोडलंय, हाड जुळलंय पण वाकडं. पुन्हा मोडून बसवावं लागेल. कुणी दाखवलं नाही का, विचारत होते. ऋतू म्हणाली, मनगट मुरगळलंय असं सगळे म्हणत होते.

आईशी बोलते. माझ्याशी, हो आणि नाही.

७ डिसेंबर

सोमेश आला होता. त्याला अर्धं पान दिलं. 'सोसणे' घातला, पहिल्या क्रमांकावर. म्हणाला, सर हा काढूया का? म्हटलं, हा काढायचा असेल तर माझं नाव पण काढ.

८ डिसेंबर, सोमवार

वकीलबाई शिवप्पाच्या ओळखीच्या, आरोही मॅडम. फोनवर म्हणाल्या, तोंडी सगळे सांगतात, तारखेनिशी लिहिलेलं काही आहे का?

आहे की! तारीख आहे, नाव आहे, वाक्य जसंच्या तसं आहे. वच्छलानं अकरा चिठ्ठ्या रबर लावून पिशवीत ठेवल्या. "घ्या, तुमचं ल्हिनं कामाला आलं." बऱ्याच दिवसांनी माझ्याशी नीट बोलली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. निदान एवढं तरी पोरीसाठी मी नीट करून ठेवलं.

११ डिसेंबर, गुरुवार

आरोही मॅडमनी अकराही चिठ्ठ्या टेबलावर तारखेनं मांडल्या. एकेक वाचली. "सर, अक्षर तुमचं?" हो. "ज्या त्या दिवशीच लिहिलंय? नंतर आठवून नाही?" ज्या त्या दिवशीच. "म्हणजे जुलैपासून हे सगळं तुमच्या कानावर होतं?"

ऋतू माझ्या शेजारच्या खुर्चीत होती. परत आल्यापासून पहिल्यांदाच सरळ माझ्याकडं बघत होती.

हो म्हणालो.