अकरापैकी एक

३ मार्च, सोमवार

एक तास दहा मिनिटं! आमच्या गावापासून धाराशिव चाळीस मिनिटांवर. आणि त्या रस्त्याला लागायच्या आधी मी मल्लिकार्जुनमामांच्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये नुसता बसून होतो – एक तास दहा मिनिटं. जीपचं वेळापत्रक दोन शब्दांचं आहे. मामा, कधी निघणार? "भरली की."

भरली म्हणजे किती? कागदावर नऊ. मामांच्या मते अकरा. लग्नसराईत पंधरा. आकड्यांकडे इतक्या मोकळ्या मनानं बघणारा माणूस आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातसुद्धा नाही.

एसटी आहे की. येडशीच्या पुढं, आत सहा किलोमीटर आमचं गाव, म्हणून दिवसाला दोन मिळतात – सकाळी सहा चाळीस आणि नऊ पाच. पहिलीनं गेलो तर कॉलेजचं गेट उघडायला शिपायाला मदत करावी लागते. दुसरीनं गेलो तर पहिला तास बुडतो.

माझं नाव योगीराज. बारशाला आत्याला माझ्यात काय दिसलं कुणास ठाऊक. धीर म्हणून नखभर नाही.

४ मार्च

पन्नास मिनिटं. प्रगती आहे.

७ मार्च, शुक्रवार

नंदीश सरांनी प्रोजेक्टचा तिसरा विषय परत केला. म्हणाले, समाजाला उपयोग होईल असं काहीतरी आण. सर स्वतः गेली चार वर्षं हजेरीचं तेच एक ॲप दर बॅचकडून नव्यानं करून घेतात, पण ते असो.

जीपमध्ये बसल्या बसल्याच विषय सापडला. समोर शांताक्का बसल्या होत्या. त्या कायम पहिल्या. सातला येतात, ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा धरतात, ओल्या फडक्याखाली कोथिंबीर-मेथीचं टोपलं शेजारी ठेवतात आणि रस्त्याकडं बघत बसतात. गाडी साडेसातला निघो नाहीतर साडेआठला. मी विचारलं, अक्का, एवढ्या लवकर कशाला येता? म्हणाल्या, "बसाया."

तर विषय असा – प्रत्येक सीटखाली सेन्सर, ड्रायव्हरच्या सीटखाली एक डबी, डबीत सिमकार्ड. गाडीत किती जण बसले ते घरबसल्या मोबाईलवर. अकरापैकी चार, अकरापैकी नऊ. भरत आली की निघायचं घरून. नाव – ‘गाडी कधी?’

अख्ख्या गावाचा वेळ वाचवणार मी. पुतळा नको, पारावर एखादा बाक चालेल.

१५ मार्च, शनिवार

सेन्सर बसवले. पाठीचं धिरडं झालं, उन्हात जीपचा पत्रा हात लावू देत नाही. मामा बिडी ओढत बघत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "ह्येनं गाडी लवकर भरंल का?"

मी म्हटलं, शंभर टक्के.

पहिलीच अडचण – शांताक्कांचं टोपलं. सेन्सर त्याला माणूस समजतो. मी टोपलं खाली ठेवायला सांगितलं तर म्हणाल्या, पायाखाली कोथिंबीर कोण घेतं? बरोबर आहे. शेवटी प्रोग्रॅममध्ये लिहिलं, दुसऱ्या सीटवर वजन सहा किलोच्या आत असेल तर मोजू नये. जगात कोथिंबिरीसाठी वेगळा नियम असलेला हा पहिलाच प्रोग्रॅम असावा.

२४ मार्च, सोमवार

चाललं! चाललं! दीडशे लोकांनी उतरवून घेतलं ॲप. गावात तेवढे मोबाईल आहेत हे मला आजच कळलं. घरी निवांत पोहे खाल्ले. स्क्रीनवर आठ दिसले, उठलो, चप्पल घातली, जाऊन बसलो, पाच मिनिटांत गाडी सुटली. मी या देशाला दिलेली ही भेट आहे.

नंदीश सरांनी वर्गात माझं उदाहरण दिलं. १५ मे रोजी बाहेरचे परीक्षक येणार, तेव्हा चालू गाडीवरच दाखवायचं म्हणाले. एका कंपनीचा फॉर्मसुद्धा भरायला लावला. त्यात जिल्हा निवडायचा होता. यादीत धाराशिव नाही. उस्मानाबादही नाही! नाव बदलताना मधल्यामध्ये आम्ही कुठं सांडलो कोण जाणे. ‘इतर’ निवडलं. योगीराज, जिल्हा इतर.

२ एप्रिल, बुधवार

आज पारा एक्केचाळीस. कॉलेजच्या लॅबमध्ये एसी आहे, पण तो कॉम्प्युटरसाठी. आम्ही त्याच्या ओळखीनं बसतो.

गाडी हल्ली सव्वानऊला निघते. मामा सुस्तावलेत. एवढं अद्ययावत तंत्रज्ञान दिलं, तरी माणूस हलत नसेल तर काय करणार?

९ एप्रिल, बुधवार

मामांच्या दिवसाला पाच फेऱ्या व्हायच्या. आता दोन. मला वाटलं लोकांनी मोटरसायकली घेतल्या, किंवा एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय त्याचा परिणाम असेल. मामांना तसं समजावून पण सांगितलं, चांगलं दहा मिनिटं, आकृती काढून.

मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुजं यंत्र ब्येस चाललंय बाबा. गाडी तेवढी चालंना."

११ एप्रिल, शुक्रवार

डबीतली सगळी नोंद आज लॅबमध्ये काढून पाहिली. मार्चमध्ये सात वाजता एक, सव्वासातला तीन, साडेसातला सहा, आठच्या आत अकरा. एप्रिलमध्ये सात वाजता एक. आठ वाजता एक. साडेआठला एक. नऊला दोन.

सेन्सर बिघडले असं धरून मी दोन तास वायरी तपासल्या. धडधाकट आहेत.

येताना निकिता भेटली. आमच्याच गावची, नर्सिंगला आहे, रोज याच जीपनं येते. म्हणजे यायची. मी विचारलं, तू घरून कधी निघतेस? म्हणाली, आठ झाले की. सकाळचे आठ? छे, ॲपवरचे आठ! तुझं ॲप फार भारी आहे रे, उन्हात ताटकळायला लागत नाही.

मग मी अजून सहा जणांना फोन केले. सगळे आठ झाले की निघतात.

मीपण आठ झाले की निघतो.

म्हणजे अख्खं गाव पंख्याखाली बसून वाट बघतंय, की बाकीचं गाव जाऊन बसावं. आठ होणार कुठून? कंटाळून प्रत्येक जण शेवटी मिळेल त्या मोटरसायकलच्या मागं बसून जातो. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलो आणि बालवाडीतलं पोर सांगेल ते मला आकृत्या काढून कळलं नाही. गाडी भरत होती ती वाट बघणाऱ्यांनी. मी वाट बघणंच बंद करून टाकलं.

मामांना शंभर टक्के म्हणालो होतो.

१२ एप्रिल

उपाय काढला. ॲपनं थोडं खोटं बोलायचं. बसलेले एक-दोन असतील तर दाखवायचे आठ. लोक निघतील, येऊन बसतील, खोट्याचं खरं होईल. पाहिजे तर याला अंदाज म्हणता येईल. मोठमोठ्या कंपन्या म्हणतातच की.

१४ एप्रिल

दोन दिवस गाडी साडेआठला भरली! खोटं बोलणारं ॲप खऱ्यापेक्षा चांगलं चालतं. प्रोजेक्टच्या अहवालात हे कसं लिहायचं?

१६ एप्रिल, बुधवार

पकडला गेलो. काल कुणीतरी ॲपवर आठ बघून आलं, गाडीत अक्का आणि टोपलं. त्यानं फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला – ‘हे बघा योगीराजचे आठ.’ चाळीस हसरे चेहरे खाली. मीपण एक हसरा चेहरा टाकला. दुसरं काय टाकणार?

आज कुणीच आलं नाही. मी पण जीपकडं गेलो नाही. लाज वाटली म्हणून नऊ पाचच्या एसटीनं, तोंड खिडकीकडं करून.

शांताक्का सातपासून बसल्या होत्या. मामा शिट्ट्या मारून, हाका मारून दमले आणि शेवटी चहाला गेले. साडेदहाला परत आले तर अक्का टोपल्यावर कलंडलेल्या. ऊन लागलं. डोळे फिरलेले, बोलत नव्हत्या. आज जीप पहिल्यांदाच न भरता निघाली.

हे मला निकितानं फोन करून सांगितलं. ॲपवर तेव्हा आठ दिसत होते.

१७ एप्रिल, गुरुवार

दवाखान्यात गेलो. अक्का शुद्धीवर आहेत. सलाईन लावलंय. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं. मामा पायाशी उभे होते. माझ्याशी बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी काय बोलायचं ते बसमध्ये पाठ करून गेलो होतो. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. म्हटलं, अक्का, माझ्यामुळं झालं. तुम्ही एवढा वेळ का बसलात? उठून घरी जायचं की.

अक्का म्हणाल्या, "रिकाम्या गाडीत कुणी बसत न्हाय रं. एक मानूस दिसलं की दुसरं येतं. म्हून म्या बसते."

मग जरा दम घेऊन, "मल्लूची गाडी हाय म्हून आमची भाजी जाती. ती बंद पडली तर आमी काय डोक्यावर न्यायची व्हय, धाराशिवपत्तुर?"

महिनाभर मी त्या बाईला प्रोग्रॅममध्ये सीट नंबर एक म्हणत होतो. गाडी पहिल्यापासून चालवत होत्या त्या. मामा फक्त स्टिअरिंग धरायचे.

बाहेर येऊन रडलो. इथं लिहायला हरकत नाही, ही वही काही ग्रुपवर नाही.

१८ एप्रिल

सेन्सर काढले. ॲप बंद केलं. ‘चांगलं होतं की!’ असे अकरा मेसेज आले. नेमके अकरा.

२८ एप्रिल, सोमवार

मला वाटलं होतं ॲप गेलं की माणसं परत येतील. येत नाहीत. सवय मोडली. आता कुणालाच थांबवत नाही – हा रोग माझा होता, तो मी गावभर पसरवला.

मामा आज पहिल्यांदा बोलले. पवनचक्कीच्या साइटवर गाडीसकट काम मिळतंय म्हणाले. मेच्या मध्यापर्यंत बघणार, सकाळची फेरी रोज भरली तर राहणार, नाही तर जाणार. रागानं नाही बोलले. वारा कुठल्या दिशेचा आहे हे सांगावं तसं सांगितलं.

नंदीश सर म्हणतात, काळजी करू नको, मार्चचे आकडे दाखव, एप्रिल गाळ. समाजोपयोगी!

५ मे, सोमवार

सात वाजता जाऊन बसलो. ड्रायव्हरच्या मागची, खिडकीची जागा. मामांनी वळून बघितलं आणि बिडी पेटवली. पत्रा सात वाजताच तापायला लागतो हे मला चार वर्षांत ठाऊक नव्हतं. माझ्यासकट चार जण झाले. पावणेनऊला चौघांवरच निघालो.

६ मे

पाच. मोबाईल घरी ठेवून गेलो. वेड लागायची वेळ आली.

९ मे, शुक्रवार

आठ! निकितापण सव्वासातला येऊन बसली. म्हणाली, तुला एकट्याला बघून कसंतरी वाटतं. त्या कसंतरी वाटण्यावर गाडी चालते, हे आता मला समजलंय. याचा सेन्सर मिळत नाही.

१२ मे, सोमवार

काल सुट्टी, आणि आज परत पाच. एका पावलाला दोन पावलं मागं. आठवडाभर न चुकता पहिला माणूस दिसला पाहिजे, त्याशिवाय लोकांचा भरवसा बसणार नाही. अक्कांना डॉक्टरांनी अजून महिनाभर उन्हात बसू नका म्हणून सांगितलंय.

अहवालात एप्रिल घातला. सरांचा चेहरा उतरला. म्हणाले, तुझी मर्जी, पण गुरुवारी दहाला परीक्षकांसमोर हजर. ते साडेदहाला निघणार आहेत. एक मिनिट उशीर झाला तर शून्य, आणि वर्ष जाईल. सर नियमांच्या बाबतीत खोटं बोलत नाहीत.

१४ मे

सहा. मामा उद्यापर्यंत साइटवाल्याला कळवणार आहेत. सहा चाळीसच्या एसटीनं गेलो तर मी आरामात पोचतो. उद्या एक दिवस नाही बसलो तर काय बिघडतं?

१५ मे, गुरुवार, गाडीत

आठ पंचावन्न. सात जण आहोत. टोपलं आलंय, अक्कांनी निकिताजवळ पाठवलं. मामा बोनेटला टेकून उभे आहेत, हातात फोन आहे, अजून लावलेला नाही. एसटी येऊन समोर थांबलीय. सगळे बघतायत, मी उतरतो का.

नऊ सात. एसटी गेली.

सरांचा मेसेज – कुठं आहेस? कधी निघणार?

लिहिलं – भरली की.