वहीतला निम्मा आकडा

आदरणीय वन्सं यांस,

नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? माझी तब्येत ठणठणीत आहे. ज्यांची असायला हवी होती, ते गेले.

तुम्ही भावाला रक्ताच्या आजारासाठी मूळपेशी दिल्यात, तेव्हा सख्ख्या बहिणीशी उत्तम जुळलं म्हणून डॉक्टर खूश होते. (आपलं दोघींचं तीस वर्षांत जुळलं नाही, ते सोडा.) महिन्याभरात तुमच्या भावाला जुलाब लागले. पहिले डॉक्टर म्हणाले, बहिणीच्या पेशी आतड्यांवर उलटल्या असतील. त्यातलं "असतील" ऐकायला तुम्ही थांबलाच नाहीत. माझ्याच रक्तानं घात केला म्हणत पिशवी उचलून ज्या गेलात, त्या शेवटचं तोंड पाहायलाही आला नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांचा संशय औषधांवर, तिसऱ्यांचा एखाद्या विषाणूवर. एक पोट, तीन मतं! मी वाचनालयातून जाडजूड पुस्तक आणलं, तर त्यातही तिन्ही छापलेली. खरं काय ते दुर्बीण घालून, आतड्याचा तुकडा काढूनच कळणार होतं. पण त्यात रक्तस्रावाची भीती, म्हणून दिवसाचे जुलाब लिटरभराच्या वर गेले तरच करू, असं ठरलं. मापाचं भांडं माझ्या हाती, वहीही माझ्याच. (मी मापात पक्की, हे तुम्हीच गावभर सांगायचात, आणि ते कौतुक नसायचं.) तुमचा भाऊ म्हणाला, "निम्मं लिही गं, घरी सोडतील." चार दिवस मी निम्मं लिहिलं. "मावशी, सुधारणा आहे हं," म्हणून नर्सबाईंनी माझी पाठ थोपटली. पाचव्या दिवशी चादरीनंच खरं सांगितलं.

मग दुर्बीण घालून काढलेल्या तुकड्यात विषाणू निघाला, त्यांच्याच अंगात कित्येक वर्षं झोपलेला. तुमच्या पेशींचा काडीचाही दोष नाही. औषध लगेच दिलं, पण ते लगेच चार दिवस उशिराचं होतं.

अहवालाची प्रत सोबत आहे. चष्मा लावून वाचा.

तुमची नावडती,
वहिनी

ता. क. प्रत सोबत नाही. अहवाल इथे कपाटात आहे. येऊन वाचा.

आणखी एक. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले होते, पुरे, आता खरं लिही. तरी मी निम्मंच लिहिलं. घरी न्यायची घाई मला होती. हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. या, आणि भांडायच्या तयारीनं या. इथे बाकी सगळे माझं सांत्वनच करतात.