हाटेलाची गाडी

ती. उज्वला काकूस,
मुकुलचा नमस्कार.

काका गेल्यावर त्यांची जुनी यामाहा तुम्ही कुणालाच देत नव्हता. मी कंधारला येऊन म्हणालो, "काकू, मला तिची कॅफे रेसर करायचीय." तुमचे डोळे भरले. "कॅफे टाकतोस? काकाला लई हौस होती हाटेलाची," म्हणालात आणि चावीसोबत दोन डझन कपबशा बांधून दिल्या. कॅफे रेसर म्हणजे वाकून पळवायची एकट्याची गाडी, तिचा चहाशी काही संबंध न्हाई, हे माझ्या तोंडून निघालंच न्हाई.

वर्षभर नांदेडात राबलो. हँडल खाली घेतलं, साडी गार्ड काढलं, लांब सीट कापून एकट्यापुरती केली. टाकीवरचा काकांच्या हातचा पोचा तेवढा ठेवला. काल पहिल्याच किकला गाडी सुरू झाली, तेव्हा गॅरेजातले सगळे तुमच्याच कपात चहा पिऊन राहिले होते.

काकू, तुमचे उपकार फिटायचे न्हाईत. पण खरं वाचून तुमचं मन मोडेल, म्हणून हे पत्र पेटीत टाकवत न्हाई. रविवारी गाडीच घेऊन येतो. तुम्ही विचारणार, "हाटेल कसं चाललंय?"

मी सांगीन, "जोरात हाय, काकू. बसायला जागा तेवढी एकाचीच हाय."

तुमच्या कपबशांचा राखणदार,
मुकुल