दुखत नाही, सलतं

४ फेब्रुवारी, मंगळवार

रक्त चांगलं, हाडं चांगली, थायरॉईड चांगलं. हे तिसरे डॉक्टर, वयाने माझ्या भाच्याएवढे. म्हणाले, "आता हाताने तपासतो. अंगावर अठरा ठिकाणं आहेत. माझं नख पांढरं होईपर्यंत दाबणार. दुखलं की सांगा."

मानेच्या मुळाशी, खांद्यावर, गळ्याखालच्या बरगडीपाशी, कोपराला, कमरेखाली, गुडघ्याच्या आतल्या अंगाला. डावीकडे, उजवीकडे. दर वेळी एकच — "दुखतं?" मी खरं तेच सांगितलं. चार ठिकाणी हो, बाकी नाही.

"अकरा तरी लागतात," म्हणाले. नापास झाल्यासारखं वाटलं. "घरात काही ताण?"

ताण कुठल्या घरात नसतो.

५ फेब्रुवारी

हे म्हणाले, "चला, काही निघालं नाही. सुटलो." जाऊबाईंनी लगेच कामाची वाटणी पूर्वीसारखी केली. खालून पाणी आणणं आणि चादरी धुणं पुन्हा माझ्याकडे. "डॉक्टरच म्हणालेत ना काही नाही म्हणून? की तुझं दुखणं चादरी बघूनच येतं?"

त्यांचंही चुकत नाही. वर्षभर माझ्या वाटचं त्याच ओढताहेत.

६ फेब्रुवारी

चादर पिळता आली नाही. तशीच दोरीवर टाकली. खाली तळं.

९ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थना खुर्चीवर बसून केली. देव चालवून घेतो, जाऊबाई नाही घेत.

पण तिथेच मनात आलं — मी ढोंग तर करत नाही? वर्षभर 'बरं नाही, बरं नाही' म्हणत दुसरीला राबवलं, आणि अंगात काहीच नसेल तर? माणसांना काहीबाही सांगता येईल. देवाला काय सांगू?

१० फेब्रुवारी

खांद्यावर स्वतःच अंगठा दाबून पाहिला. डोळ्यांपुढे अंधारी आली. दुखलं का? नाही. दुखतो तो दात. खांदा ठणकतो. मानेत सलतं. कोपरात कळ येते, कमरेखाली आंबल्यासारखं होतं, गुडघा ठुसठुसतो. मॅट्रिकला भाषेत पहिली आले होते. एका शब्दाच्या जागी दुसरा मला खपत नाही.

एवढं लिहिलं आणि हात थांबला.

जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर रकाने आखले. ठिकाण. डावं. उजवं. काय होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला.

"अहो काकू, हे सगळं म्हणजे दुखणंच!"

"मग तसं विचारायचं होतं."

"कसं?"

"काय होतं, असं."

हसले नाहीत. पुन्हा अठराही ठिकाणी दाबलं, या वेळी तसंच विचारून. सोळा निघाली. "नुसत्या आकड्यावर विसंबलो, चूक माझी," म्हणाले. नाव सांगितलं ते अक्षर अक्षर लिहून घेतलं — फायब्रोमायल्जिया. पुरतं बरं होत नाही, जीवही घेत नाही. गोळी, रोज थोडं चालणं, वेळेवर झोप.

येताना पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. दोन्ही सारखेच. पण मी खोटी नाही.

१२ फेब्रुवारी

यांना नाव वाचून दाखवलं. "बोलायलाच दमायला होतं की," म्हणाले आणि खाली जाऊन पाणी भरून आणलं.

१३ फेब्रुवारी

मी दूध तापत ठेवलं होतं. जाऊबाई आत आल्या. "कुठे कुठे दाबतात म्हणे? दाखव तरी, आम्हालाही कळू दे."

त्यांच्या खांद्यावर अंगठा टेकवला, नख पांढरं होईपर्यंत. त्यांनी ओट्याची कड धरली.

"दुखतं?"

"छे."

"मग काय होतं?"

स्टुलावर बसल्या आणि सांगू लागल्या, धाकट्याच्या बाळंतपणापासूनचं. दूध उतू गेलं. जाऊ दिलं.