कासवाचं तीर्थ

मंगळवार, दिवेलागण

नातीचे जुलाब थांबले, ताप उतरला. सूनबाई जागरणानं कोमेजलीय. आमच्या हिचे गुडघे तसेच दुखतायत. मी मात्र ठणठणीत, तेच सलतंय.

पुण्यात नोकरीला असलेल्या पोरानं मागच्या खेपेला परदेशी कासव आणलं. बरकतीचं म्हणून मीच ते देवघरात ठेवलं. रोज अंघोळ घालायची अन् तेच पाणी पळीनं तीर्थ म्हणून लेकराला द्यायचं, स्वतःही घ्यायचं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात काही पाळलंय का?" कासव म्हटल्यावर म्हणाले, "त्याच्या अंगावर जंतू असतात, त्यानंच जुलाब होतात." माझ्या डोळ्यांपुढं पळीच आली.

शेजारचा किसन म्हणाला, "काका, सिद्धेश्वरच्या धरणात सोडा, पुण्य लागंल."

वनखात्यात फोन करून कासव कसं दिसतं ते सांगितलं. तिथले साहेब म्हणाले, "हे जमिनीवरचं कासव, बुडून मरंल. अन् परदेशी असलं तरी नोंदणी लागते. कागद हाय का?"

कागदाचं कुणाला ठाऊक? उद्या कासव त्यांच्याकडंच नेतो. पोराला मेसेज लिहिला, "कागद असला तर धाड, नसला तर तसं सांग." तीर्थाचं लिहावं का? हात धजेना. तेवढ्यात नात उठून बसली, इवलीशी ओंजळ पुढं करून म्हणाली, "आबा, तीर्थ?"

मग लिहिलंच, "लेकराला ते पाणी मी पाजलं. रागव, पण लवकर उत्तर दे."