बाबांना घरी आणण्याचे पाच टप्पे

सोमवार, ६ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. एकही दिवस चुकवायचा नाही. अकरा वर्षं कंपनीची व्हॅन चालवली, लोकांच्या ऑफिसात पार्टिशनं पोचवली. आता त्याच कंपनीनं शिकाऊ प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून घेतलंय. चार दिवस काम, शुक्रवारी युनिव्हर्सिटी, पगार चालू आणि शेवटी पदवी. वर्गात बाकी सगळे एकोणीस-वीसचे. मी अडतीसचा. कुणी काही बोलत नाही, पण दार मात्र माझ्यासाठी उघडून धरतात.

शुक्रवार, १० जानेवारी
आमची ट्यूटर फिलिपा म्हणाली, प्रत्येकानं एक तरी प्रोजेक्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करून दाखवायचा. फोटो, सह्या, सगळा पुरावा जोडायचा. लगेच साहेबाकडे प्रोजेक्ट मागितला. गॉर्डन म्हणाला, बुधवारच्या मीटिंगची सँडविचेस तूच बघ. जबाबदारी आहेच, पण पदवीला पुरेल असं वाटत नाही.

(नंतरची नोंद: सँडविचेस गुरुवारी आली. दुकानाची चूक.)

मंगळवार, १४ जानेवारी
हॉस्पिटलात गेलो. बाबांचं हृदय थकलंय. डॉक्टरीणबाईंनी मला आणि माझ्या बहिणीला, जनीनला, बाजूला घेऊन सांगितलं, आता महिन्यांचा हिशोब करू नका. बाबांनाही ठाऊक आहे. म्हणाले, रसेल, मला इथं मरायचं नाही बाळा. घरी ने. जिना चढायला जमणार नाही, तर पुढच्या खोलीत कॉट टाक, खिडकीपाशी. शुक्रवारी समोरच्या माशाच्या दुकानापुढं लागते ती रांग बघत पडेन. मी हात धरून बसलो. हात केवढासा झालाय.

पार्किंगमध्ये एकदम डोक्यात आलं की हाच प्रोजेक्ट. आधी लाज वाटली. मग बरं वाटलं. इतकं नीट करीन की बाबा बघत राहतील.

शुक्रवार, १७ जानेवारी
फिलिपाला सांगितलं. ती म्हणाली, वाईट वाटलं ऐकून, पण प्रोजेक्ट ऑफिसातलाच लागतो, आणि मुदत वाढवून देते, तू आधी त्यांच्याजवळ जाऊन बस. म्हणजे तत्त्वतः मंजुरी मिळाली.

पाच टप्पे ठरवले. खोली रिकामी करणं, रंग, कार्पेट, दारात रॅम्प, मग कॉट. मागच्या टप्प्यावर सही झाल्याखेरीज पुढचा उघडायचा नाही. या कामात हाच नियम पाळतात. जो पाळत नाही तो मॅनेजर नाही, मुकादम.

बुधवार, २२ जानेवारी
वॉर्डातली नर्स कम्फर्ट म्हणाली, आनंदाची बातमी, कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, पेशंटची कॉट परवा मिळतेय, शनिवारी न्या बाबांना घरी. मी समजावलं, कॉट पाचव्या टप्प्यात आहे, आपण पहिल्यात आहोत. ती म्हणाली, अहो, पाचवा आधी केला तर काय आभाळ कोसळणार आहे का? मेडिकलच्या लोकांना नियोजनाचं शिक्षण द्यायला हवं. कॉट २४ फेब्रुवारीला मागवली.

रविवार, २६ जानेवारी
जनीन घरी आली. खोलीत सोफा होता तिथंच. भिंतीवर माझा पाच टप्प्यांचा तक्ता. म्हणाली, चल, आत्ता दोघं मिळून सोफा मागच्या खोलीत ढकलू. मी म्हटलं, आधी तक्ता बघ. तिनं बघितला. म्हणाली, तुला कॉट टाकायचीय की बोगदा खणायचाय? प्रोजेक्टशी संबंधित माणसांच्या यादीत तिच्या नावापुढं 'विरोध: तीव्र' असं लिहिलं.

शनिवार, १ फेब्रुवारी
आज सोफा हलवायचाच. तक्त्यात रंग भरता भरता संध्याकाळ झाली. तक्ता मात्र देखणा दिसतो. सोफा उद्या.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
कामावरून येऊन बघतो तर सोफा मागच्या खोलीत. जनीन आणि तिच्या नवऱ्यानं मला न विचारता हलवला. आधीचा फोटो काढायचा राहिलेला. फोटो नाही तर पुरावा नाही. सोफा ओढत ओढत परत आणला. फोटो छान आला. मग एकट्याला तो काही हलेना. कमरेत उसण भरली.

सोमवार, १० फेब्रुवारी
बाबांना रंगाचे चार नमुने दाखवले. ग्राहकाची पसंती घ्यावी लागते. त्यांनी विचारलं, झालं का रे? म्हटलं, चाललंय जोरात. ते म्हणाले, तू करतोयस ना, मग झालं. आणि डोळे मिटले. दुधी रंगाला होकार धरला.

जनीननं बाहेर गाठून विचारलं, त्यांच्याकडं नीट बघितलंस का एकदा तरी? बघितलं होतं. म्हणून तर कामाला लागलोय. तिला कसं सांगायचं, की नुसतं बसून त्यांच्याकडं बघवत नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
लेक्चर चालू असताना कम्फर्टचा फोन. बाबा फार थकलेत, उद्याच्या उद्या न्या, सोफ्यावर झोपवलंत तरी चालेल. मी म्हटलं, रंग ओला आहे, वास त्यांच्या छातीला बाधेल. रंगाचा डबा अजून उघडलेला नाही. पण उद्या उघडणारच होतो, तेव्हा फारसं खोटं नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
एक भिंत रंगवली, सोफ्यावर चादर टाकून. झाकला म्हणजे हलवला असं धरून पहिल्या टप्प्यावर सही केली. मस्त दिसतेय. उद्या कार्पेट बघायला जायचं. आता गाडी रुळावर आली.

बुधवार, १९ फेब्रुवारी
बाबा गेले. सकाळी. जनीन जवळ होती. मी कार्पेटच्या दुकानात होतो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
बाबांचं सामान आणायला वॉर्डात गेलो. चष्मा, चपला, रेडिओ. कम्फर्टनं पिशवी भरून दिली. वाटलं आता ऐकवणार. पण ती म्हणाली, तुमच्या बाबांना फार कौतुक होतं तुमचं. मी घाई करायला लागले की मलाच गप्प करायचे. माझा पोरगा मॅनेजर आहे, त्याला टोचू नका, तो सगळं नीट करून मगच मला नेणार, असं वॉर्डभर सांगायचे.

व्हॅनमध्ये बसून रडलो. किल्ली लावता येईना.

सोमवार, २४ फेब्रुवारी
कॉट आली. ठरल्या दिवशी. रद्द करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

दोन माणसं होती. मी काही सांगायच्या आत त्यांनी सोफा उचलून मागच्या खोलीत ठेवला, कॉट खिडकीपाशी लावली, गादी घातली, उशी ठेवली. रंग, कार्पेट, रॅम्प, कशाचीच अडचण आली नाही. पाव ताससुद्धा लागला नाही. चहा विचारला तर म्हणाले, नको, अजून दोन घरं आहेत. जाताना एकानं विचारलं, पेशंटला कधी आणताय? मी दार उघडून धरलं.

एवढंच काम होतं, बाबा.